रक्त दिसलं की मूळव्याधच? : सोलापूरच्या पूर्व भागातल्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४

आज कामाला सुरुवात. क्षेत्र : विडी घरकुल, कुंभारीकडच्या वसाहती आणि अशोक चौकाच्या आसपासच्या जुन्या चाळी. घरात बसून विड्या वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावर पाळी करणारे पुरुष. बहुतेक घरांत तेलुगू, काही घरांत कन्नड, काही ठिकाणी दख्खनी, आणि बाहेर पडलं की सगळ्यांची सोलापुरी मराठी. विषय : मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग वेळेत सापडावा म्हणून माहिती देणं आणि ज्याला पुढच्या तपासणीची गरज आहे त्याच्यासोबत ती पूर्ण होईपर्यंत राहणं.

व्याप्ती आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. २०२२ साली जगात या आजाराचे १९ लाखांवर नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ९ लाख माणसं गेली. भारतात लाखामागचं प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने बरंच कमी. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची सरसकट तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी. आतडं त्यात नाही. उपलब्ध माणसं आणि पैसा पाहता हा क्रम मला पटतो. पण ज्याला आजार झाला त्याच्या घरी ‘प्रमाण कमी आहे’ याचा काही उपयोग नसतो. टाटा मेमोरियलने ८०० रुग्णांचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास होतं. आपली लोकसंख्याच तरुण आहे हे त्याचं एक कारण, तरीही ‘हा म्हातारपणाचा आजार’ असं म्हणून चाळिशीतल्या माणसाला परत पाठवता येणार नाही.

म्हणून दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या. ज्याला संडासातून रक्त जातंय, संडासची सवय महिनाभर बदललेली आहे, कारण नसताना वजन उतरतंय, त्याचं वय काहीही असो, त्याने थेट डॉक्टरकडे जायचं. त्याला शीचा नमुना घ्यायचं किट द्यायचं नाही. काही त्रास नाही आणि वय ५० च्या पुढे, त्याला शीतल्या न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी सुचवायची. या दोन वाटांची सरमिसळ झाली तर नुकसान आहे : रक्त जाणाऱ्या माणसाचं किट एखाद्या दिवशी निगेटिव्ह येतं आणि तो निश्चिंत होऊन घरी बसतो.

९ डिसेंबर

हैदराबाद रोडने येताना भिंती बघत आलो. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज.’ विजेच्या खांबांवर, मुतारीच्या बाहेर, रिक्षाच्या मागे. या भागात आरोग्याची इतकी जाहिरात दुसऱ्या कुठल्याच आजाराची नाही. म्हणजे रक्त दिसल्यावर काय समजायचं, हे लोकांना आधीच शिकवलं गेलेलं आहे. आपल्याला कोऱ्या पाटीवर लिहायचं नाही.

बैठकीत यावर बराच वेळ गेला. एकीचं म्हणणं, ‘कर्करोग’ हा शब्द पहिल्या वाक्यात आला की बायका उठून जातात. दुसरीचं म्हणणं, तो लपवला आणि नंतर कळला तर पुन्हा आपल्याला दारात उभं करणार नाहीत. दोघींचंही खरं आहे. ठरलं ते असं : सुरुवात रक्तापासून करायची. ‘रक्त गेलं तर बहुतेक वेळा मूळव्याधच असते. पण ती मूळव्याधच आहे हे कुणी तपासून सांगितलं का?’ एवढाच प्रश्न. आणि पाठोपाठ लगेच, न लपवता, न तपासता राहिलं तर काय असू शकतं ते.

मूळव्याध आहे म्हणून कर्करोग नाही असंही नसतं. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. हे वाक्य सगळ्यांनी पाठ करायचं.

२० डिसेंबर

विडी कारखान्याच्या एका शाखेबाहेर, माल जमा करायला आलेल्या बायकांशी बोलणं. रांगेत उभं राहून ऐकायची सोय नाही, म्हणून नंतर एका अक्काच्या ओसरीवर बसलो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली पानं. पान उचल, तंबाखू भर, वळ, दोरा मार, तोंड मुडप. बोलताना हात एकदाही थांबला नाही. आम्ही तक्ते उलगडून भिंतीला लावले, पण बघायला मान वर करावी लागते आणि मान वर केली की वेग तुटतो. इथे तक्त्याचा उपयोग नाही. कानाने ऐकता येईल असंच साहित्य हवं. तेलुगूतली आवाजी फीत करून घ्यायची, मोबाइलवर वाजेल अशी, पाच मिनिटांच्या आत. हे काम सगळ्यात आधी.

प्रश्न आले ते असे. ‘आम्ही मांसमच्छी फारशी खात नाही, आम्हाला कसं होईल?’ ‘मशेरीनं होतं का?’ ‘तिखटानं रक्त पडायलंय म्हणून मी चटणी सोडली, ते बरोबर का?’ आणि एकीने अगदी हळू आवाजात, ‘तपासायला कपडे काढावे लागतात का?’

उत्तरं साधी दिली. शाकाहारी माणसालाही होतो. तंबाखू आणि दारूने धोका वाढतो. तिखटाने जळजळ होते, पण वारंवार रक्त जाण्याचं खापर तिखटावर फोडून गप्प बसू नये. आणि हो, तपासायला कपडे थोडे बाजूला करावे लागतात, पण बाई डॉक्टर तपासतील अशी सोय आम्ही करू. हे शेवटचं वचन दिलंय खरं, आता ते पाळायची तजवीज करायला हवी.

तिथेच आशाताईंनी (वस्तीतल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका) एक मुद्दा काढला तो फार महत्त्वाचा. या बायकांचं हिमोग्लोबिन आधीपासूनच कमी असतं. त्यामुळे ते कमी आलं की लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो. पाळी कधीच बंद झालेली बाई किंवा साठीचा पुरुष यांचं रक्त कमी असेल तर ते जातंय कुठे, हे विचारायला हवं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कर्करोग डोळ्यांना रक्त दिसू न देता माणसाला पांढरंफटक करून टाकतो. आशाताईंच्या वहीत जुने आकडे आहेतच. पाळी गेलेल्या बायका आणि पन्नाशीपुढचे पुरुष यांच्यापैकी ज्यांचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही चढत नाही, त्यांची यादी करायची ठरली.

३ जानेवारी २०२५

भागातल्या डॉक्टरांची बैठक. दवाखाने बंद झाल्यावर, रात्री. अपेक्षेपेक्षा जास्त जण आले याचा आनंद वाटला.

विषय एकच ठेवला : रक्ताची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाची बोटाने तपासणी. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ हातमोजा घातलेल्या बोटाला लागते. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. हातमोजा, थोडी जेली आणि दोन मिनिटं लागतात. आपल्याकडे गुदाशयातल्या गाठींचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे या दोन मिनिटांची किंमत फार. तरीही ही तपासणी टळते. का टळते, हे डॉक्टरांनीच मोकळेपणाने सांगितलं. दवाखान्यात एकच खोली, मध्ये पडदा, पलीकडे दहा माणसं बसलेली. बाई पेशंट असली तर अवघड. पेशंट म्हणतो, ‘गोळ्या द्या, तपासायचं नंतर बघू.’ आणि गोळ्या नाही दिल्या तर तो शेजारच्या ‘खात्रीशीर इलाज’च्या बोर्डवाल्याकडे जातो.

एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सांगितलं ते लिहून ठेवते : पहिल्या खेपेला औषध द्या, पण चिठ्ठीवर तारीख घाला. त्या तारखेला थांबलं नसेल तर तपासल्याशिवाय दुसरी चिठ्ठी नाही. मला पहिल्याच खेपेला तपासणी व्हावी असं वाटतं आणि तसं मी म्हटलंही. पण तारखेची पद्धत आज रात्रीपासून सुरू होऊ शकते, माझी सूचना खोली बांधून होईपर्यंत थांबेल. तारीख तर तारीख.

एका डॉक्टर बाईंनी आठवड्यातून एक दुपार आमच्या केंद्रात द्यायचं कबूल केलं. अक्काला दिलेलं वचन मार्गी लागलं.

१५ जानेवारी

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा सुरू आहे. यात्रेत स्टॉल लावावा अशी सूचना होती. जाऊन पाहिलं. पाळणे, भोंगे, गर्दी. लोक देवाला आणि मजेला आलेत. संडासातल्या रक्तावर बोलायची ही जागा नाही. स्टॉल नाही.

२८ जानेवारी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली हळदी-कुंकू चालू असतं, तेव्हा बायका आयत्या एकत्र येतात. तिथे पाच मिनिटं बोलायची परवानगी बऱ्याच घरांनी आनंदाने दिली. एका मंडळाने तर सुचवलं की वाण म्हणून किटच वाटू.

मी नाही म्हटलं आणि त्याचं कारण नीट नोंदवते. एक, किट वाटून भागत नाही, ते कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे विचारपूस करून ठरतं. दुसरं कारण मला जास्त बोचतं. हळदी-कुंकवाला विधवा बायकांना अजूनही पुष्कळ घरांत बोलावत नाहीत. पन्नाशीपुढच्या, एकट्या, विड्यांवर पोट भरणाऱ्या, आजार अंगावर काढणाऱ्या बायका म्हणजे बहुतांशी याच. ज्यांच्यासाठी हा प्रकल्प, त्यांनाच दाराबाहेर ठेवणारी जागा आपण मुख्य जागा म्हणून निवडली तर काम पहिल्या पायरीवर फसेल.

मंडळाच्या अध्यक्ष बाईंशी यावर बोलले. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘ताई, आमच्या गल्लीत मी बोलवीन सगळ्यांना. तिळगूळ तर सगळेच खातात की.’ त्यांच्या गल्लीतला कार्यक्रम रविवारी झाला. कोपऱ्यात बसलेल्या एका आजींना त्यांनी हाताला धरून पुढे आणलं. त्याच आजी शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, संडासला जाऊन आलं तरी पुन्हा कळ येते, साफ झाल्यासारखं वाटत नाही, दिवाळीच्या आधीपासून. डॉक्टर बाईंच्या पुढच्या दुपारी त्यांचं नाव पहिलं लिहिलं.

१० फेब्रुवारी

किटचं प्रात्यक्षिक. तपासणी रक्तातलं मानवी ग्लोबिन हे प्रथिन ओळखते, त्यामुळे आधी पथ्य नाही. मटण खाल्लं म्हणून निकाल बिघडत नाही. जुन्या पद्धतीच्या चाचणीला पथ्य लागायचं. तरी त्याच जुन्या चाचणीने अमेरिकेतल्या मिनेसोटात दरवर्षी तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. तो अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे साधी शीची तपासणी जीव वाचवते, हे तीस वर्षांपासून माहीत आहे.

माहितीपत्रकात लिहिलंय : ‘नमुना पाण्याच्या संपर्कात येऊ देऊ नये.’ चित्रात पाश्चात्य पद्धतीचा कमोड. आमच्याकडे भारतीय बैठकीचं भांडं, आणि जुन्या चाळींत चार-पाच घरांना मिळून एक संडास. सकाळी बाहेर रांग, आतून कडी, आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय. अशा वेळी आत बसून कागद पसरायचा, त्यावर शी करायची, बाटलीच्या झाकणाला असलेल्या काडीने चार-पाच ठिकाणी टोचून नमुना घ्यायचा, काडी परत बाटलीत घालून झाकण ‘टक’ वाजेपर्यंत दाबायचं, मग कागद गुंडाळून उरलेलं भांड्यात ओतायचं आणि हातातली बाटली कुणाला दिसू न देता बाहेर यायचं. हे पत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कधी आलं नसणार.

आमच्या आशाताईंनी आणि चाळीतल्या दोन बायकांनी मिळून पद्धत बसवली. जुन्या वर्तमानपत्राचं जाड दुमडलेलं पान भांड्याच्या कडेला आडवं, बादलीपासून लांब. लघवी आधी उरकून घ्यायची. बाटली काळ्या पिशवीत, पिशवी कपडे धुवायच्या साबणाच्या डब्यात. साबणाचा डबा घेऊन जाणाऱ्या बाईकडे कुणी वळून बघत नाही. आम्ही मळलेल्या कणकेवर काडी टोचून सगळ्यांकडून सराव करून घेतला. काडीला खाच असते, त्या खाचेपुरताच नमुना पुरे. जास्त घेतला तर बरं, असं सगळ्यांनाच वाटतं. नाही, खाच भरली की थांबायचं.

आव पडत असेल, मूळव्याधीचं ताजं रक्त दिसत असेल किंवा पाळी चालू असेल तर तेव्हा नमुना नको. ताजं रक्त दिसणाऱ्याची वाट पहिली : डॉक्टर.

गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन संडास-मोरीचा विषय कीर्तनात आणला, त्यांच्या नावाने पुढे ग्रामस्वच्छता अभियान झालं. त्या पुण्याईवर आज आम्ही चावडीत उभं राहून शीबद्दल बोलू शकतो. ज्येष्ठांना त्यांचं नाव घेतलं की चेहऱ्यावरचा संकोच खरोखर कमी होतो.

२४ फेब्रुवारी

निधी देणाऱ्यांचा प्रश्न आला आहे : नुसत्या माहितीने काही होतं याचा पुरावा काय?

उत्तरासाठी लांब जायची गरज नाही. बार्शी इथून दोन तासांवर. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावोगाव जायचे. नुसते आकडे गोळा करून परत फिरले नाहीत. लक्षणं काय, कुठे दाखवायचं, हे सांगत राहिले आणि संशय वाटला त्या माणसाला रुग्णालयात यायला तयार करत राहिले. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या, आणि हे १९९५ मध्ये प्रसिद्धही झालं. ना सरसकट तपासणी, ना महागडं यंत्र. पुन्हापुन्हा गावात जाणारी, ओळखीची झालेली माणसं, आणि जवळच असं रुग्णालय जिथे आलेल्याला परत पाठवत नाहीत.

माझ्या मते दुसरा भाग पहिल्याइतकाच मोठा आहे. माहिती देऊन माणूस निघाला आणि पुढचं दार बंद असलं, तर त्याची निराशा गल्लीभर पसरते. पुढच्या वेळी कुणी येत नाही. निधीच्या उत्तरात हेच लिहिलं आणि कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने बघायच्या तपासणीच्या, खर्चासाठी वेगळी रक्कम मागितली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ठरवून दिलेले उपचार होतात, पण नुसत्या संशयावरून बाहेर खासगीत करून घेतलेल्या कोलोनोस्कोपीचं बिल त्यात बसत नाही. आमची माणसं नेमकी तिथेच अडतात.

५ मार्च

पहिल्या खेपेतले काही नमुने पॉझिटिव्ह आले. निकाल फोनवर सांगायचा नाही, घरी जाऊन, एकटीला बाजूला घेऊन सांगायचा, हा नियम. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. अशा बहुतेकांना कर्करोग निघत नाही. पण कुठून रक्त येतंय ते आत दुर्बीण घालून बघावंच लागतं. आतड्याच्या आतल्या बाजूला कोंब (पॉलिप) असेल तर तो तिथेच काढता येतो. कोंबाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणजे तो आधीच काढला तर आजार झालाच नाही असं होतं. हे ऐकल्यावर एका मावशीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

मग दुर्बिणीच्या तपासणीच्या तयारीची गोष्ट निघाली आणि सगळं गाडं अडलं ते पाण्यावर. आतडं साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवून प्यायची, अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. त्यानंतर रात्रभर संडासात ये-जा. शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. साठवलेलं पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळाला गेलेलं असतं. चाळीतल्या सामाईक संडासात एका माणसाने रात्रीत दहा वेळा जायचं, तेही बादलीभर पाण्याशिवाय, हे शक्यच नाही. मावशी म्हणाल्या, ‘पाणी आलेल्या दिवशी मी कुठलंबी औषध पिते, मधल्या दिवशी नको.’

म्हणून आता तारीख ठरवताना आधी गल्लीचा पाण्याचा दिवस विचारायचा, मग रुग्णालयाची तारीख घ्यायची. ज्यांच्या घरी अजिबात जमणार नाही त्यांच्यासाठी विडी घरकुलातल्या एका कार्यकर्तीने आपलं घर देऊ केलं आहे. तिच्याकडे स्वतंत्र संडास आहे आणि टाकीही.

जेवणाचीही यादी सोलापूरची करावी लागली. छापील पत्रकात ब्रेड आणि सूप. आमच्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तपासणीच्या आधी तीन दिवस शेंगदाणे, तीळ, कारळं, पालेभाजी बंद. मऊ भात आणि ताक चालेल. आदल्या दिवशी गाळलेलं वरणाचं पाणी, शहाळं, बिनदुधाचा चहा. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायच्या, नाहीतर आतडं काळपट दिसतं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

रमजान चालू आहे. नमुना पॉझिटिव्ह आलेले, पण काही त्रास नसलेले एक चाचा म्हणाले, ईद होऊ द्या. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१७ च्या, पॉझिटिव्ह निकालानंतर दहा महिन्यांपेक्षा जास्त उशीर झाला तेव्हा धोका वाढलेला दिसला. काही आठवड्यांनी फरक पडत नाही. त्यांची तारीख ईदनंतरची, पण आजच लिहून घेतली.

१८ मार्च

डॉक्टर बाईंच्या दुपारी एक यंत्रमाग कामगार आला. चाळिशीही ओलांडलेली नाही. वर्षभर रक्त जातंय. बोर्डवाल्याकडे इंजेक्शनं झाली, चूर्ण झालं, पैसे संपले. बायकोने ओसरीवर आमची तेलुगू फीत ऐकली आणि त्याला घेऊन आली. केंद्रात पुरुष डॉक्टरांनाही बोलावून घेतलं होतं. बोटाला गाठ लागली.

पुढचं वेगाने केलं. कोलोनोस्कोपी, गाठीचा तुकडा काढून तपासणी, सीटी, एमआरआय. निदान पक्कं झालं. गुदाशयाचा कर्करोग, पसरलेला नाही. आधी किरणोपचार आणि केमो, मग शस्त्रक्रिया असं डॉक्टरांनी सांगितलं. उपचार योजनेत बसले. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की आजार जागच्या जागी असताना सापडला तर दहातले नऊ जण पाच वर्षांनंतरही असतात. दूर पसरल्यावर सापडला तर सहा-सातातला एक. हा माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, पण चांगल्या बाजूच्या जवळ. आणखी वर्षभर चूर्ण घेत राहिला असता तर हे वाक्य लिहिता आलं नसतं.

त्याची एकच भीती : शी गोळा होणारी पोटावरची पिशवी. ‘मागावर उभं कसं राहणार? लोक काय म्हणतील?’ म्हणून आज संध्याकाळी एका निवृत्त कामगारांना त्याच्या घरी नेलं. त्यांना कित्येक वर्षं पिशवी आहे. त्यांनी बनियन वर केलं, पिशवी दाखवली, कशी रिकामी करतात, कशी बदलतात, सगळं. ‘हात लावून बघ. वास येतो का? पोरीच्या लग्नात मी वरातीत चाललोय.’ त्याच्या बायकोने पिशवीची किंमत विचारली, किती दिवस टिकते ते विचारलं, उन्हाळ्यात कातडी सोलते का ते विचारलं. काकांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. नवरा काही बोलला नाही, पण चहा झाल्यावर कागदपत्रांची पिशवी त्याने स्वतः माझ्याकडे दिली.

सगळ्यांनाच कायमची पिशवी लागत नाही. गाठ किती खाली आहे त्यावर ते ठरतं आणि लवकर सापडली तर टळण्याची शक्यता वाढते. हे पुढच्या फितीत घालायचं.

दिवाळीआधीपासून कळ येणाऱ्या आजींना कर्करोग नाही. औषधाने आराम आहे. त्या आता गल्लीतल्या दुसऱ्यांना घेऊन येतात.

२ एप्रिल

पारा चाळिशीकडे. पत्र्याच्या घरात दुपारी हात लावला तर डबा गरम लागतो. नमुन्यातलं ग्लोबिन उष्णतेने मोडतं. इटलीसारख्या देशातही उन्हाळ्यात पॉझिटिव्ह निकालांचं प्रमाण घटलेलं आढळलं आहे. तिथला उन्हाळा तो, आणि सोलापूरचा हा. सकाळचा नमुना संध्याकाळपर्यंत पत्र्याखाली राहिला तर खरं रक्त असूनही निगेटिव्ह येईल. तो खोटा दिलासा ठरेल.

आधी सकाळी नऊच्या आत गोळा करून थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पाकिटांसह प्रयोगशाळेत नेण्याची व्यवस्था केली. पण बायका नमुना कधी घेतील ते आपल्या हातात नाही. संडासला वेळ सांगून होत नाही. आज बैठकीत ठरवलं : एप्रिल-मे किट वाटप बंद. पहिला पाऊस होऊन हवा उतरली की पुन्हा सुरू. निधीच्या उद्दिष्टातला किटांचा आकडा यामुळे कमी भरेल, तसं कळवलं आहे. लक्षणांवरचं काम, डॉक्टर बाईंची दुपार, पाठपुरावा, हे सगळं चालू राहील.

१५ एप्रिल

अहवालाचा नमुना आला. त्यात रकाने : पत्रकं किती वाटली, सभा किती, हजेरी किती. हे भरून देऊ, पण मी खाली आमचा रकाना जोडला आहे : ज्यांना दुर्बिणीची तपासणी सांगितली त्यांच्यापैकी किती जणांची ती पूर्ण झाली, आणि सांगितल्यापासून किती दिवसांत. सभेला शंभर बायका बसल्या आणि पॉझिटिव्ह आलेली एक बाई घरीच राहिली, तर त्या सभेचा तिला काय उपयोग?

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचं उदाहरण पुरवणी म्हणून दिलं. तिथे कृष्णवर्णीय लोकांमध्ये तपासणी कमी आणि मृत्यू जास्त होते. या शतकाच्या सुरुवातीला राज्याने विमा नसलेल्यांची कोलोनोस्कोपी मोफत केली, कर्करोग निघाला तर उपचाराचा खर्च उचलला, आणि माणसाला तारीख, तयारी, वाहन सगळ्यात सोबत करणाऱ्या परिचारिका नेमल्या. २००९ पर्यंत कृष्णवर्णीयांमधलं तपासणीचं प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर गेलं, गोऱ्यांच्या बरोबरीला आलं, आणि मृत्युदरातली दरी जवळजवळ मिटली. सोबत करण्याची ही पद्धत डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९९० मध्ये गरीब बायकांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी सुरू केली होती. आपल्याकडे आशाताई गरोदर बाईला बाळंतपणाला घेऊन जातातच. तीच सोबत इथे हवी, आणि त्या दिवसाचं मानधनही हवं. ते मी अंदाजपत्रकात घातलं आहे आणि त्यावर मागे हटणार नाही.

सोबत येणाऱ्या नातेवाइकाची मजुरी बुडते, त्याचाही विचार व्हावा. विड्या नगावर असतात. बसलं नाही तर त्या दिवसाचे शून्य. तयारीचा एक दिवस, तपासणीचा एक, दोन माणसांचे. किती जणी याच कारणाने तारीख पुढे ढकलतात ते आशाताईंना विचारा.

२८ एप्रिल

ईदनंतरचे चाचा जाऊन आले. एक कोंब निघाला, काढला, तपासायला पाठवला आहे. पाण्याच्या दिवसाचा तक्ता गल्लीनिहाय तयार झाला, तो रुग्णालयात तारखा देणाऱ्या सिस्टरकडे दिला. त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला.

यंत्रमाग कामगाराचे किरणोपचार सुरू झाले आहेत. आता त्याच्या भावंडांचं काम. पहिल्या नात्यातल्या (आईबाप, भावंडं, मुलं) माणसाला हा आजार झाला तर बाकीच्यांनी चाळिशीत, किंवा त्याच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यायची. त्याच्या हिशोबाने दोन भाऊ आणि बहीण तिघंही आत्ताच त्यात बसतात. धाकटा इथेच, त्याची तारीख घेतली. मोठा भिवंडीत मागावर आहे, पाळी सोडून येईना. तिथे जवळ कुठे होईल ते शोधतेय. बहीण तेलंगणात, सिरसिल्ल्याला दिलेली. तिच्या नवऱ्याशी मराठीत बोलून भागणार नाही. तेलुगूत पत्र हवं, डॉक्टर बाईंच्या सहीचं, भावाच्या अहवालाची प्रत जोडून. अक्काच्या मुलीने मजकूर लिहून दिला आहे, उद्या टाइप करून टपालात टाकायचं आणि परवा फोन करायचा.